पन्नासची लेन्स

माझी पहिली लेन्स आईच्या भिशीच्या पैशांतून आली. भिशी त्या महिन्यात आईला लागली होती, आणि त्या पैशांत घरातला गळका नळ, फुटलेली लादी आणि माझी लेन्स असे तीन उमेदवार होते. नळ जिंकला. उरलेल्यात लादी की लेन्स, यावर आठवडाभर चर्चा झाली. तो आठवडा मी जे वाचलं, विचारलं आणि हिशेब केला, त्यातून या लेखाची सुरुवात झाली. पुढची काही वर्षं मी त्याच धाग्यावर वाचत राहिले.

२०१२ साल. लालबागच्या चाळीतली आमची दहा बाय बाराची खोली. आई पहाटे दादरच्या फूलबाजारातून मोगरा आणायची आणि दाराशी बसून गजरे ओवायची. साडेसातच्या आत ते विकायला निघायला हवेत. मी नोकरी लागल्यावर वर्षभर पैसे साठवून एक वापरलेला डीएसएलआर घेतला होता, सोबत नेहमीची १८-५५ झूम लेन्स. मला आईचा गजरे ओवतानाचा फोटो हवा होता. तो येत नव्हता. एका पिवळट दिव्याच्या उजेडात आईची बोटं धुरासारखी पुसट यायची. फ्लॅश उडवला की भिंत पांढरीफटक आणि आईचा पदर तोंडावर. "तो झगझगाट नको गं, शेजारी झोपलेत," असं ती म्हणायची. पण खरं कारण शेजारी नव्हते. फ्लॅशखाली ती पकडली गेल्यासारखी दिसायची, आणि ते तिला कळत होतं.

एका दुकानदाराने मोठा फ्लॅश घ्यायला सांगितलं, दुसऱ्याने नवा कॅमेरा. दोघांचंही उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं. प्रश्न उजेडाचा होता. माझी झूम लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास फार तर एफ ५.६ इतकी उघडायची. ५० मिलिमीटरची साधी, झूम न होणारी लेन्स एफ १.८ इतकी उघडते. लेन्समधून आत येणारा उजेड या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ५.६ ला १.८ ने भागा आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा: जवळजवळ दहा. म्हणजे जिथे मला सेकंदाचा दहावा भाग लागत होता, तिथे शंभरावा भाग पुरला असता. सेकंदाच्या दहाव्या भागात सुई धरलेली बोटं हलतात. शंभराव्या भागात ती बहुतेक थांबतात.

ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८३९मध्ये पॅरिसमध्ये दागेरचं तंत्र जाहीर झालं, तेव्हाच्या कॅमेऱ्याला शेव्हालिएची लेन्स होती. ती इतका कमी उजेड घ्यायची की एका चित्राला कित्येक मिनिटं लागत. इमारती मिळायच्या, माणसं नाही. लोकांना तर आपल्या माणसांचे चेहरे हवे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने हिशेब मांडून एक लेन्स रचली. त्याआधी लेन्स बनवणं हे बरंचसं घासून बघण्याचं काम होतं. पेट्झवालने आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियन तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं घेतली. त्याची लेन्स एफ ३.६ च्या आसपास उघडायची, म्हणजे आधीच्या लेन्सच्या कितीतरी पट उजेड. चेहऱ्याचा फोटो मिनिटांवरून सेकंदांवर आला. जगभरचे पोर्ट्रेट स्टुडिओ पुढची कित्येक दशकं या रचनेवर चालले.

मुंबईतही ही कला लवकर आली. १८५४मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी शहरात स्टुडिओ थाटला. कॅमेरा धरणारे हात लवकरच आपलेही झाले, पण ते डॉक्टरांचे आणि शिकलेल्या, पैसेवाल्या माणसांचे होते. समोर उभं राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६मध्ये काढले. त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसांचे फोटो वेगळे काढून मागे मुंबईतलं एखादं दृश्य जोडलेलं आहे. खाली समाजाचं, जातीचं नाव. त्या माणसाचं स्वतःचं नाव बहुधा नाही. त्यातली चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आईचा पदर आठवला. कॅमेरा कुणाच्या हातात आहे आणि कुणाला कितपत परवडतो, यावर समोरचं माणूस माणूस राहतं की नमुना होतं, हे बरंचसं ठरतं.

आता स्वस्त लेन्सकडे. पन्नासच्या जवळजवळ सगळ्या स्वस्त लेन्स ज्या रचनेतून आल्या, ती १८९६ची. येनाच्या झाइस कारखान्यात पाउल रुडोल्फने 'प्लानार' बनवली. मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना भिंगांची जवळजवळ आरशातल्या प्रतिबिंबासारखी मांडणी. पुढच्या अर्ध्या भागाचे काही दोष मागचा अर्धा भाग खोडून काढतो. कल्पना उत्तम, पण ती चाळीस वर्षं मागे पडली. कारण काच. हवेतून काचेत आणि काचेतून हवेत जाताना प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. प्लानारमध्ये असे आठ पृष्ठभाग होते. म्हणजे पाव ते एक तृतीयांश उजेड वाया, आणि त्यातला काही आतल्या आत फिरून चित्रावर धुकं पसरवायचा. म्हणूनच १९३२मध्ये लुडविग बेर्टेलेने झाइससाठी 'सोनार' रचली तेव्हा भिंगं एकमेकांना चिकटवून असे पृष्ठभाग सहावर आणले.

१९३५मध्ये झाइसमधल्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. ती काही वर्षं लष्करी गुपित राहिली. युद्धानंतर ती सगळीकडे पोचली आणि प्लानारच्या घराण्याला पुन्हा दिवस आले. आपल्या लेन्सवर जांभळट-हिरवट झाक दिसते ती या थरांची.

आणि पन्नासच का? ऑस्कर बारनाकने सिनेमाची फिल्म आडवी धरून चौकट दुप्पट केली, २४ बाय ३६ मिलिमीटर. १९२५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लायका आली ती माक्स बेरेकने रचलेल्या ५० मिलिमीटरच्या लेन्ससह. त्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर, पन्नास त्याच्या जवळचा. पुढे सगळ्यांनी तोच आकडा उचलला. फिल्मच्या काळात नव्या कॅमेऱ्यासोबत पन्नासचीच लेन्स मिळायची, म्हणून ती प्रचंड संख्येने बनली.

आमच्या चाळीत तिची एक चुलत बहीण होती. तळमजल्यावरच्या काकांकडे रशियन झेनिट कॅमेरा होता, ५८ मिलिमीटर एफ २ हेलिऑस लेन्ससह. ही हेलिऑस म्हणजे येनाच्याच 'बिओटार'ची सोव्हिएत आवृत्ती. युद्ध संपल्यावर जर्मन कारखान्यांतली यंत्रं आणि ज्ञान भरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेलं, तिथे या लेन्स लाखोंनी बनल्या, आणि त्यातल्या काही भारतातही आल्या. काका म्हणाले, "तुला हवी तर दीड हजारात ने." अडॅप्टरची एक साधी रिंग लावली की ती माझ्या कॅमेऱ्यावर बसत होती. मी मोबाइलचा टॉर्च मागून धरून आत पाहिलं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सचं हेच होतं. जुनी लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाने टॉर्चची ही परीक्षा करावी. किरकोळ धूळ चालते, बुरशी नाही. लेन्स परत केली तेव्हा काका जरा खट्टू झाले.

मग बोरा बाजारात तीन दिवस फिरून नवी पन्नासची एफ १.८ घेतली, साडेसहा हजारांना. लादी राहिली. ही लेन्स इतकी स्वस्त का, हे मला तिथेच कळायला लागलं होतं. कॅननने ती १९८७मध्ये आणली आणि १९९०मध्ये धातूची बैठक काढून प्लॅस्टिकची केली. वजन १३० ग्रॅम. आत सहा भिंगं, सगळी साध्या गोलाकार वक्रतेची, प्लानारच्याच घराण्यातली. नवं संशोधन नाही, महाग आकाराची काच नाही. ही दुसरी आवृत्ती २०१५पर्यंत विकली गेली. शंभर वर्षांची गणितं आणि एक युद्ध आधीच होऊन गेलं होतं. मी पैसे दिले ते मुख्यतः प्लॅस्टिक, काच आणि जोडणीचे.

पहिल्या पहाटे दोन गोष्टी कळल्या. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, त्यामुळे पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागत होती. खोलीत उभं राहून आई मावेचना. नवशिक्यांना म्हणूनच सांगते, लहान सेन्सर आणि लहान खोली असेल तर आधी ३५ किंवा २४ मिलिमीटरच्या स्वस्त लेन्स बघा. दुसरी गोष्ट जास्त अवघड. एफ १.८ वर, दीड मीटरवरून, जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. आईचा चेहरा आणि तिचे हात यांच्यात वीतभर अंतर. एकच स्पष्ट येणार. मी चेहरा निवडला. जॉन्सनची चित्रं डोक्यात असती, तरी मी तेच केलं असतं: धंदा नको, माणूस हवं.

फोटो छान आला. फ्लॅश नाही, पदर जागेवर, डोळे खाली सुईकडे. मी तो छापून आईला दिला. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हात का असे पुसलेत? गजरा दिसतच नाही."

मी तिला लेन्सचं गणित सांगू लागले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नुसतं तोंड काय, लग्नातही काढतात. हे मी करते, ते दिसायला नको का?"

मला वाटलं होतं, काम वगळून मी तिला मान देते आहे. तिचा मान त्या हातांत होता, आणि हे मी तिला विचारलंच नव्हतं. नमुना करणं टाळायच्या नादात मीही तिच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी तिने साडेसहापर्यंत दोन गजरे मागे ठेवले. दारातून उजेड आत आल्यावर मी गॅलरीत, कठड्याला पाठ लावून, अडीच मीटरवर उभी राहिले. छिद्र एफ ४ वर आणलं. पाचपट उजेड गमावला, पण तेवढा सकाळने भरून दिला. आता सुमारे अडतीस सेंटीमीटर स्पष्ट येणार होतं. चेहरा, हात, सुई, ताटातला मोगरा, सगळं त्यात बसलं. शेजारच्या आजी मधून बादली घेऊन गेल्या, त्यांना थांबवावं लागलं.

तो फोटो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला आहे. मागे मी आईचं पूर्ण नाव, तारीख आणि जागा लिहिली आहे. लादी पुढच्या भिशीत बसवली.