टीपॉयचे पाय

पदव्युत्तर वर्गात एक जुनी एकांकिका शिकवीत असताना रंगसूचनेतील 'टीपॉय' या शब्दापाशी एका विद्यार्थिनीने आम्हांला अडवले. 'टी' म्हणजे चहा हे समजले. मग 'पॉय' म्हणजे काय? वर्गात अशा वेळी जे होते तेच झाले. 'इंग्रजीतले कुठलेसे जुने रूप असावे' असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर चुकीचे होते, आणि ते किती चुकीचे होते हे संध्याकाळी कोश उघडल्यावर कळले. चूक 'पॉय'पाशी नव्हतीच. ज्या 'टी'विषयी आम्हां दोघांनाही काडीची शंका नव्हती, तिथेच ती होती.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाची नोंद आहे आणि ती स्पष्ट आहे: या शब्दाचा चहाशी काहीही संबंध नाही. मूळ शब्द 'तिपाई', म्हणजे तीन पायांची. त्यातला 'ती' हिंदी 'तीन'मधला, 'पाई' फारसी 'पाय'मधली. कोशकारांना हा सांधा खटकला. शुद्ध फारसीत 'सिपाया' व्हायला हवे होते, शुद्ध हिंदीत 'तिरपद'सारखे काही. म्हणून त्यांनी असाही तर्क केला की 'चारपाई'च्या धर्तीवर हा शब्द कुणा युरोपियनानेच घडवला असावा. तर्क खरा असेल तर प्रकरण आणखीच मजेशीर होते. साहेबाने आपल्या भाषांतली दोन लाकडे जोडून शब्द केला, तो विलायतेला नेला, आणि पुढे त्याचा अर्थ तो स्वतःच विसरला.

विलायतेत पुढे जे झाले ते भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. १८०८ साली लंडनच्या जॉर्ज स्मिथने घरगुती फर्निचरच्या नमुन्यांचे पुस्तक काढले. त्यात टीपॉय आहे आणि त्याचा उपयोगही सांगितला आहे: फराळपाण्याच्या वेळी पाहुण्यांना आसनावरून उठावे लागू नये. म्हणजे तोवर तो शेजारी ठेवायचा साधा छोटा मेजच होता. पण शब्दात 'टी' ऐकू येत होते आणि तो काळ इंग्रजांच्या चहावेडाचा. हळूहळू टीपॉय म्हणजे खांबावर उभी केलेली चहाची पेटी झाली. झाकण उघडले की आत चहापत्तीचे डबे आणि ती मिसळण्यासाठी काचेचे वाडगे. तीन पाय गेले, वरची सपाट फळी गेली, उरला तो चहा. लोकव्युत्पत्तीने शब्दाचे रूप बदलते हे आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो; येथे चुकीच्या व्युत्पत्तीने सुताराच्या हातून वस्तूच बदलून घेतली. वर्गात द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठीत यासाठी शब्द नव्हता काय? होता, आणि 'तिपाई'हून कितीतरी अस्सल होता. 'तिवई' हा संस्कृत 'त्रिपदी'चा थेट वारस दिसतो. स्वरांमधल्या 'प'चा 'व' होणे ('दीप'चा 'दिवा') आणि 'द' गळून जाणे ('पाद'चा 'पाय') हे प्राकृतातले नेहमीचे नियम. त्यांत 'तिवई' नेमकी बसते. पण ही तिवई दिवाणखान्यातली नव्हे. ती खळ्यावरची. तिच्यावर उभे राहून कुणबी सूप उंच धरायचा आणि वाऱ्यावर धान्य उपणायचा. तिला तीनच पाय असण्यामागे भूमिती आहे. तीन टोके कुठल्याही उंचसखल जमिनीवर एकदम टेकतात, चौथा पाय आला की डुगडुगणे आले. चार पायांचे सामान ही सपाट फरशीची चैन आहे.

बैठकीच्या घरात बाजूच्या मेजाचे काम करणारी खरी वस्तू वेगळीच होती, ती म्हणजे अडणी. तीही तिपायी, पण बुटकी. देवघरात शंखाखाली असे, आणि बऱ्या घरांत जेवणाच्या ताटाखाली. शब्द आज केवळ शंखापुरता उरला आहे. पाट, चौरंग, अडणी, पानाचा डबा, तस्त हा सगळा संसार जमिनीपासून वीतभर उंचीचा. कारण उघड आहे: बसणाराच जमिनीवर होता. थॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केलेले पुणे दरबाराचे चित्र पाहावे. प्रसंग १७९० चा, सवाई माधवराव आणि चार्ल्स मॅलेट यांच्या तहाचा. एवढ्या मोठ्या दरबारात सगळी मंडळी खाली बसलेली आहेत, इंग्रजसुद्धा. बाजूच्या मेजाची उंची त्याच्याजवळच्या आसनाच्या उंचीने ठरते. खुर्ची आल्याशिवाय त्याला घरात जागाच नव्हती.

खुर्ची आली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, आणि ठळकपणे आली ती मुंबईत. मेडोज स्ट्रीटच्या परिसरातले कारागीर काळ्या शिसवीत पानाफुलांचे दाट कोरीवकाम करून विलायती घाटाचे सामान बनवीत. इंग्रज आणि पारशी घरांत त्याला मागणी होती. याच सामानाबरोबर 'टीपॉय' परत आला असावा, इंग्रजी उच्चार घेऊन आणि बहुधा चौथा पायही घेऊन. आपण त्याला ओळखले नाही.

त्याच्यावर ठेवायचा चहा मात्र सहज आत आला नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. त्यांत टिळक होते, रानडे होते. नंतर चहा आला. कोणी घेतला, कोणी घेतला नाही. पण गोपाळराव जोशी यांनी ती नावे 'पुणे वैभव' पत्रातून चव्हाट्यावर आणली, आणि मिशनऱ्यांच्या चहाचे ग्रामण्य झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, घराघरांत भांडणे लागली. वाङ्मयेतिहासात आपण हे प्रकरण 'सुधारक विरुद्ध सनातनी' या मथळ्याखाली चार ओळींत उरकतो. पण क्षणभर त्या खोलीत उभे राहून पाहावे. पंगतीत पान वाढले की बसणे भाग असते आणि उठणे हा अपमान ठरतो. शिवाय कुणाशेजारी कोण, हे आधीच ठरलेले असते. शेजारच्या मेजावर ठेवलेला पेला तसा नसतो. ज्याचा त्याने ठरवायचा. पंगतीऐवजी प्रत्येकाच्या हाताशी एकेक पेला, ही नवी बैठकव्यवस्थाच तेथे कसोटीला लागली होती, असे आम्हांला वाटते. चहा निमित्त.

रंगभूमीने हे सामान मागाहून स्वीकारले. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले, तेव्हा रंगवलेल्या पडद्याची जागा भिंती-दारांच्या खोलीने आणि खऱ्याखुऱ्या सामानाने घेतली. पुढची कित्येक वर्षे मराठी नाटकाचा पडदा उघडला की कोच, टीपॉय, टीपॉयवर फोन किंवा फुलदाणी दिसायची, इतकी की त्याची थट्टाही झाली. ती थट्टा रास्त होती. मात्र पात्रांना हातात काही घ्यायला, पत्र खाली टाकायला, पेला आपटायला जागा मिळाली ती याच फळीवर. नाटक शिकवताना संवाद वाचून घेण्याच्या घाईत रंगसूचना गाळण्याची आमची सवय त्या विद्यार्थिनीमुळे सुटली, एवढे नमूद करतो.

भाषाशुद्धीवाल्यांनी या शब्दाचे काय करावे, हा प्रश्न आम्ही आपसांत बराच घोळवला. इंग्रजी म्हणून हाकलावा तर तो आपलाच. आपला म्हणून ठेवावा तर त्यातली 'पाई' फारसी, आणि जोडकाम कदाचित साहेबाचे. 'तिवई' म्हणावे तर चार पाय असलेल्या वस्तूला तीन पायांचे नाव द्यावे लागते (अर्थात तो दोष 'टीपॉय'लाही चुकलेला नाही). आमच्यातल्या एकाने 'तिवई'चा आग्रह धरला आणि घरी जाऊन पत्नीला "तिवईवरचा पेपर दे" असे सांगून पाहिले. पेपर मिळाला नाही.

अलीकडे बैठकीची खोली सजवताना जुनी पितळी भांडी, चौरंग, घडवंच्या सोफ्याजवळ मांडण्याची आवड वाढली आहे. आमच्यापैकी एकीने सासरच्या माळ्यावरची ताटाची अडणी चिंचेने घासून उजळून घेतली आणि सोफ्याच्या कडेला ठेवली. दिसायला सुरेख, पण बशी ठेवायला कमरेत वाकावे लागे आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागे. आठवडाभराने तिने ती उचलली, टीपॉयवर ठेवली, आणि तिच्यावर मनीप्लँटची कुंडी मांडली.