महासागराचे डिजिटल प्रतिरूप

महासागराचे डिजिटल प्रतिरूप : सागराच्या ताज्या निरीक्षणांशी वारंवार जुळवून घेतली जाणारी त्याची संगणकीय प्रतिकृती. नेहमीचा सागरी अंदाज उद्याची लाट, प्रवाह वा तापमान सांगतो. प्रतिरूपाला त्यापुढे जाऊन ‘अमुक केले तर काय होईल?’ असे विचारता येते. उदा., एखाद्या नदीतून येणारे प्लॅस्टिक रोखल्यास कोणत्या किनाऱ्याला लाभ होईल, किंवा उथळ पाण्यात सागरी गवत वाढवल्यास लाटांचा जोर किती घटेल. संकल्पना मूळची कारखानदारी व अवकाशयान-निर्मितीतील.

यूरोपीय प्रकल्प : ब्रेस्ट (फ्रान्स) येथील परिषदेत फेब्रुवारी २०२२ मध्ये यूरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सूला फॉन डेअर लायन यांनी यूरोपच्या अशा प्रतिरूपाची घोषणा केली. ‘एडिटो’ या पायाभूत मंचाच्या उभारणीत तूलूझची मर्केटर ओशन इंटरनॅशनल आणि ओस्टेंडची फ्लँडर्स सागरी संस्था प्रमुख आहेत. यूरोपची कोपर्निकस सागरी सेवा व एमोडनेट हे सागरी माहितीचे जाळे यांची माहिती या मंचावर एकत्र आणली जाते. प्रतिरूपाचे पहिले रूप जून २०२४ मध्ये ब्रुसेल्सला सादर झाले.

निरीक्षणे : प्रतिरूपाचा खरा आधार हाच. उपग्रहांना पृष्ठभागाची उंची, तापमान व रंग कळतो; खालचे पाणी मुख्यतः आर्गो तरंगकांमुळे कळते. जगभर असे सुमारे ४,००० तरंगक आहेत. तरंगक १,००० मी. खोलीवर वाहत राहतो, साधारण दहा दिवसांनी २,००० मी.पर्यंत उतरतो आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून उपग्रहाकडे पाठवतो. स्वतःचे आकारमान तेलाच्या पिशवीने बदलून तो चढ-उतार करतो. महासागराची सरासरी खोली सुमारे ३,७०० मी. असल्याने खालचा जवळपास अर्धा भाग विरळच मोजला जातो, ६,००० मी.पर्यंत जाणारे तरंगक अद्याप थोडे आहेत.

प्रतिमाने : निरीक्षणांमधील पोकळी संगणकीय प्रतिमाने भरतात; ती सागर चौकटींच्या जाळीत विभागून गणित करतात. कोपर्निकसच्या जागतिक अंदाजाची जाळी १/१२ अंशाची, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ९ किमी. कोकणातील बहुतेक खाड्यांची रुंदी तिच्या एका चौकटीपेक्षाही कमी आहे. किनाऱ्यासाठी बारीक जाळीची वेगळी प्रतिमाने लागतात, आणि त्यांना स्थानिक मोजमापे.

व्यवस्थापन : संरक्षित क्षेत्रे, बंदरे व सागरी पवनऊर्जा यांच्या नियोजनात प्रतिरूप उपयोगी पडू शकते. मात्र जीवसृष्टीविषयीची उत्तरे प्रवाह-तापमानाइतकी भरवशाची मानली जात नाहीत.

भारत : हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र उपग्रहीय तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मराठीसह किनारी भाषांत देते. ती सल्लावजा आहे, प्रतिरूप नव्हे. मासेमारीबंदीत व खवळलेल्या समुद्रात ती दिली जात नाही.