कौंटीच्या मैदानावर बाळू पालवणकर

कौंटी या शब्दाचा साधा अर्थ जिल्हा. इंग्लंडातील क्रिकेटचा इतिहास वाचू लागले की यॉर्कशायर, केंट, सरे, लँकेशायर ही नावे पदोपदी भेटतात, आणि आपल्याकडील वाचकाला ती एखाद्या राजघराण्याच्या नावांसारखी भारदस्त वाटतात. वस्तुतः ती जिल्ह्यांची नावे आहेत, आणि त्यांचे सामने म्हणजे शेजाऱ्याशेजाऱ्यांची चढाओढ होय. सौंसर-पांढुर्ण्याकडील वाचकाला ही गोष्ट फार समजावून सांगावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभी ठाकतात, तेव्हा गावाचा अभिमान माणसाच्या अंगात कसा संचारतो, हे त्याने पाहिलेले असते. गोटमारीत दगड असतात आणि रक्तही सांडते. इंग्रजांनी त्याच अभिमानाला तीन दिवसांची मुदत, दोन पंच आणि एक सीमारेषा घालून दिली. पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांना २०२३ साली आपला स्वतंत्र जिल्हा मिळाला. तेव्हा जिल्ह्याचे नाव छातीवर मिरविण्यात काय सुख असते, हेही या भागाला आता ठाऊक झाले आहे.

या जिल्ह्याजिल्ह्यांच्या खेळाचा सुवर्णकाळ म्हणून जो सांगितला जातो, तो सातव्या एडवर्डच्या कारकीर्दीचा. एडवर्ड १९०१ साली गादीवर आला आणि १९१० साली वारला. परंतु त्या काळाची रीतभात १९१४ च्या महायुद्धापर्यंत टिकून होती, म्हणून इतिहासकार बहुधा तिथवरच्या वर्षांना त्याचेच नाव देतात. कौंट्यांची अजिंक्यपदाची स्पर्धा १८९० पासून रीतसर सुरू झालेली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांचा सामना तर १८२७ इतका जुना. लॉर्ड्सच्या मैदानावर तो सामना भरे, तेव्हा उच्चभ्रू लंडन तेथे लोटे. खेळाइतकेच टोप्या, पोशाख आणि ओळखीपाळखी यांनाही महत्त्व असे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की खेळाडूला ‘ब्लू’ हा मान मिळे, आणि तेथून कौंटीच्या संघात जाण्याची वाट सुकर होई.

पण या सुवर्णकाळाला एक दुसरी बाजू होती. इंग्लंडातील खेळाडूंचे दोन वर्ण होते. एक हौशी, म्हणजे घरचे बरे असलेला, बहुधा विद्यापीठातून आलेला, पैसे न घेता खेळणारा सद्गृहस्थ. दुसरा पेशेवाईक, म्हणजे खाणीतून, गिरणीतून किंवा शेतावरून आलेला, मजुरी घेऊन खेळणारा. एकाच संघात खेळणाऱ्या या दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या असत. कित्येक ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही निराळी असत. धावफलकावर नावे छापण्याची रीतसुद्धा दोघांसाठी वेगळी होती. फलंदाजीचा डौल हौशी मंडळींकडे, आणि दिवसभर गोलंदाजी करण्याचे कष्ट बहुतांशी पेशेवाइकांकडे, अशी कामाची वाटणी होती. संघाचे नायकपद तर हौशी खेळाडूचेच. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स हा डावखुरा गोलंदाज चार हजारांहून अधिक बळी घेऊनही आपल्या कौंटीचा नेमलेला नायक कधी झाला नाही. हा भेद १९६२ साली कागदोपत्री नाहीसा झाला.

या जगात शिरण्याचे दोन दरवाजे होते, आणि हिंदुस्थानातून गेलेल्या खेळाडूंपैकी पहिल्याने आत शिरले ते रणजितसिंहजी. १८९३ साली ते केंब्रिजचे ‘ब्लू’ झाले, १८९५ पासून ससेक्सकडून खेळू लागले आणि १८९६ साली मँचेस्टरला इंग्लंडच्या बाजूने पहिल्याच कसोटीत त्यांनी नाबाद १५४ धावा केल्या. त्यांच्या अंगचे गुण असामान्य होते यात शंका नाही. परंतु विद्यापीठ, राजकुमारपण आणि इंग्लंडातील वास्तव्य यांचा आधारही त्यांना होता. ज्याला यांपैकी काहीच नव्हते, असा मनुष्य या मैदानांपर्यंत कसा पोहोचला, ही कथा अधिक बिकट आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. तो मनुष्य बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. घराणे मूळ कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या व्यवहारात अस्पृश्य. वडिलांची नोकरी लष्कराकडे असल्याने मुले पुण्याच्या आसमंतात वाढली. बाळूंना पहिले काम मिळाले ते पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रूळ फिरविण्याचे. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना जिमखान्यात ते चार रुपयांवर गेले. जाळी लावणे, रेघा आखणे, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग हा तेथला नाणावलेला फलंदाज. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने बाळूंना कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची सत्यता कशीही असो, डावऱ्या हाताची ती संथ, वळणारी, अचूक गोलंदाजी या रोजच्या घासणीतून तयार झाली. त्या जिमखान्यात बाळूंच्या हाती फळी मात्र कधी दिली गेली नाही. इंग्लंडातील पेशेवाइकाच्या वाट्याला जे येत होते, तेच येथे दुप्पट जड होऊन आले.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांचा पराभव करावयाचा होता, आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज त्यांच्या डोळ्यांसमोर होता. बाळूंना संघात घ्यावे की न घ्यावे, यावर खल झाला आणि शेवटी घेण्याचे ठरले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरत असे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या सुटीत मात्र इतरांना मंडपात चिनी मातीचे कप आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा, अशी व्यवस्था होती. जेवणाचे पान निराळे. हात-तोंड धुवावयाचे झाल्यास मैदानाच्या कोपऱ्यात त्यांच्याच जातीच्या गड्याने पाणी घालावे. सीमारेषेच्या आत एक कायदा आणि तिच्या बाहेर दुसरा, असा हा प्रकार होता.

पुढे बाळू मुंबईस गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना आपल्या संघात घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले, आणि बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले. या विजयाचा आनंद राष्ट्रीय होताच. पण ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारक पत्राने त्यातील दुसरी खूण ओळखली. ज्याला शिवण्यास समाज तयार नव्हता, त्याच्याच हातांनी समाजाला हा मान मिळवून दिला होता.

१९११ साली अखिल हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला निघाला. त्यापूर्वी १८८६ आणि १८८८ मध्ये पारशांचे संघ जाऊन आले होते. परंतु सर्व धर्मांच्या खेळाडूंचा एक संघ हा प्रयोग नवा होता. पारशी, हिंदू आणि मुसलमान यांच्या जागा वाटून संघ निवडला गेला, आणि नायक झाले पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराजा भूपिंदरसिंह. बाळूंसमवेत त्यांचे धाकटे बंधू शिवराम हेही निवडले गेले. म्हणजे तत्कालीन हिंदुस्थानचे एक छोटे चित्रच त्या बोटीवर होते: एक महाराजा, काही पदवीधर, आणि ज्यांना देवळात प्रवेश नव्हता असे दोन सख्खे भाऊ.

तो उन्हाळा इंग्लंडात कमालीचा कोरडा आणि कडक होता. जूनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होता. महाराज त्या समारंभांत गुंतले आणि त्यांचे चिटणीस कर्नल मिस्त्री, जे संघातील एक उत्तम फलंदाज, तेही बव्हंशी त्यांच्याबरोबरच राहिले. दौऱ्याच्या पूर्वार्धात पराभवांची रांग लागली. पण केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. विद्यापीठाचा उंबरठाही ज्याने विद्यार्थी म्हणून ओलांडला नव्हता, त्याने ज्या विद्यापीठात रणजी घडले, तेथल्या आठ तरुणांना एका डावात तंबूत परत धाडले. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील त्यांची ही सर्वांत मोठी कामगिरी ठरली.

जुलैत वारे फिरले. लेस्टरशायरविरुद्ध डॉ. कांगा यांनी १६३ धावा काढल्या, बाळूंनी दोन्ही डावांत मिळून अकरा गडी घेतले, आणि संघाने कौंटीवर पहिला विजय मिळविला. पुढे टाँटन येथे सॉमरसेटशी गाठ पडली. हा सामना अखेरच्या गड्यापर्यंत गेला आणि हिंदुस्थान एका गड्याने जिंकला. त्यात शिवरामांच्या नाबाद ११३ धावा होत्या. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दोन जिंकले, दहा हरले, दोन अनिर्णित राहिले. आकड्यांकडे पाहता दौरा अपयशी म्हणावा लागेल. परंतु बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, आणि त्यांपैकी ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, परक्या हवेत, वरचेवर झेल सुटत असताना आणि दुसऱ्या टोकाला पुरेशी साथ नसताना केलेले हे काम आहे.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते. त्या पिढीतील दलित तरुणांना बाळूंचे केवढे अप्रूप होते, हे यावरून कळते.

यानंतरचा प्रश्न नायकपदाचा. बळी घेण्यास बाळू चालत. संघाची आज्ञा देण्यास मात्र ते चालत नव्हते. येथे ऱ्होड्सची आठवण होते. दोघे डावखुरे, वयाने एक-दीड वर्षाच्या अंतरातले, दोघेही आपापल्या संघाचे आधारस्तंभ, आणि दोघांनाही नायकपद नाही. फरक एवढाच की ऱ्होड्सच्या आड त्याचा पेशा आला आणि बाळूंच्या आड त्यांचा जन्म. पेशा मनुष्य सोडू शकतो. हिंदूंचे नायक एम. डी. पै हे गौड सारस्वत गृहस्थ. हा मान आपल्याआधी बाळूंना मिळावयास हवा होता, असे त्यांनी १९१३ साली जाहीरपणे बोलून दाखविले. हे त्यांच्या मनाचे मोठेपण खरे. परंतु निवड करणाऱ्यांचे मन त्याने द्रवले नाही.

१९२० च्या पुण्याच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना प्रथम वगळण्यात आले. पै आजारी असतानाही नायकपद पालवणकर बंधूंकडे आले नाही. तेव्हा शिवराम आणि धाकटे विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. ज्यांच्या पूर्वजांना नकार देण्याची मुभाच नव्हती, अशा घरातील दोन भावांचा हा नकार होता. शेवटी बाळूंना उपनायक म्हणून घेण्यात आले. अंतिम सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या अवधीपुरती संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पूर्ण मान मिळाला तो विठ्ठलांना, १९२३ साली. ते हिंदूंचे नायक झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धाही जिंकली. विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, हे मराठी वाचकांवर त्यांचे ऋणच होय.

या कथेचा एक धागा आपल्या सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत येतो. पांढुर्ण्याहून गाडी जेथे सहज पोहोचते त्या नागपुरात १८९५ साली सी. के. नायडूंचा जन्म झाला. ज्या हिंदू संघात विठ्ठल नाव कमावीत होते, त्याच संघातून नायडू १९१६ साली मुंबईत प्रथम उतरले; आणि १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीत नायक म्हणून उभे राहिले. ही वाट १९११ च्या त्या हरलेल्या संघाने प्रथम तुडविली होती. त्या वेळी हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा असता तर बाळूंच्या नावापुढे कसोटी बळींचा आकडा असता. आज त्यांच्या नावावर आहेत ते प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांतील १७९ बळी, सरासरी १५.२१.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसच्या वतीने प्रत्यक्ष आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

खेळामुळे जातिभेद नाहीसा होतो, असे भाबडे विधान या चरित्रावरून करता येणार नाही. मातीच्या भांड्यातला चहा आणि १९२० चा नकार या दोन घटनांमध्ये सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अवधीत बाळूंची गोलंदाजी निर्विवाद होती. गुण सिद्ध होऊनही मान मिळाला नाही. मान मिळविण्यासाठी भावांना मैदानाबाहेर उभे राहून भांडावे लागले. पण गुण इतका उघड सिद्ध झाला नसता, तर भांडावयास जागाही मिळाली नसती. धावफलकावर लिहिलेला आकडा कोणालाही पुसता येत नाही, आणि बाळूंच्या घरच्या माणसांनी आपला हक्क मागताना याच आकड्यांवर पाय रोवले. इंग्रज जिल्ह्यांच्या त्या शेजारधर्मी चढाओढीतून, तिच्या निर्मात्यांच्या ध्यानीमनी नसताना, कोकणातल्या एका कुटुंबाच्या हाती हे साधन आले, ही गोष्ट जपून ठेवण्यासारखी आहे.