रात्री गाडीचा फोकस कमी पडतो? बल्ब बदलण्याआधी हे तपासा

कुही : रब्बीच्या ओलिताला लाइन रात्रीची असली की शेतकऱ्याला अंधारातच वावरात जावं लागतं. नागपूरहून काम आटोपून येणारे, मांढळच्या बाजारातून परतणारे आणि वेलतूर-अंभोऱ्याकडे जाणारे अनेक जणही अंधार पडल्यावरच गाडीवर असतात. तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. त्यामुळे रोही अन् रानडुक्कर रस्त्यावर कधी येईल, याचा नेम नाही. त्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली, बैलबंडी आणि डांबरावर बसलेली जनावरं. अशा रस्त्यावर गाडीचा फोकस पिवळट पडला की पहिला विचार बल्ब बदलण्याचा येतो. गॅरेजवरचा सल्लाही बहुतेक वेळा एकच असतो, "भाऊ, एलईडी टाकून घ्या."

बल्ब बदलून उजेड वाढतो, पण दर वेळी नाही. बऱ्याच गाड्यांत खोट बल्बमध्ये नसून वायरिंग, काच किंवा फोकसच्या कोनात असते. तिथे महागाचा बल्ब टाकला तरी पैसे वाया जातात. म्हणून आधी काय तपासायचं, कोणता बल्ब बसतो अन् कोणता टाळायचा, ते इथे क्रमाने देत आहोत.

किती लांबचं दिसायला पाहिजे?

समोर अडथळा दिसल्यावर ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यानंतर गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाला एकूण सुमारे २८ मीटर, ६० ला ५० मीटर आणि ८० ला ७५ ते ८० मीटर अंतर लागतं. गिट्टी, वाळू किंवा ओला रस्ता असला तर याहून जास्त.

साध्या हॅलोजन फोकसच्या डिपरवर काळसर वस्तू साधारण ३० ते ४० मीटरवर नजरेत येते. म्हणजे डिपरवर ६० चा वेग ठेवला तर ट्रॉली दिसेपर्यंत थांबायचं अंतर संपलेलं असतं. फोकस सुधारायचा तो हे अंतर भरून काढण्यासाठी. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून नव्हे.

पहिली तपासणी : काच आणि रिफ्लेक्टर

हेडलाइटची काच साबणाच्या पाण्याने धुवा. धूळ अन् मेलेले किडे यांचा थर बराच उजेड खातो. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या किंवा बदला. आतला चकचकीत रिफ्लेक्टर मात्र फडक्याने घासू नका. त्यावरचा चांदीसारखा मुलामा फार पातळ असतो, घासला की निघतो. रिफ्लेक्टर काळा पडला असेल किंवा आत पाणी शिरून डाग पडले असतील, तर कोणताही बल्ब टाकून उपयोग नाही. असेंब्लीच बदलावी लागते.

हेल्मेटची काचही बघा. ओरखडे पडलेली किंवा काळी काच रात्री घातक असते.

दुसरी तपासणी : बल्बपर्यंत करंट पोहोचतो का?

हॅलोजन बल्बला व्होल्टेज थोडं कमी मिळालं तरी उजेड खूप पडतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. होल्डरपर्यंत १२ च व्होल्ट पोहोचत असतील तर नवीन बल्बही ७० टक्क्यांच्या आसपासच उजेड देईल.

मल्टिमीटरने हे घरीच मोजता येतं. गाडी सुरू करून थोडी रेस द्या, हेडलाइट लावा. आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ते साधारण साडेतेरा ते साडेचौदा असावं. मग बल्ब लागलेला असतानाच होल्डरच्या मागे मोजा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. होल्डरचे काळे पडलेले पॉइंट, हँडलवरच्या डिपर स्विचमधला गंज आणि ढिली अर्थिंग, ही तीन ठिकाणं आधी बघा. पॉइंट साफ करून आणि अर्थिंगचा बोल्ट घट्ट करून बऱ्याच गाड्यांचा फोकस सुधारतो. याला खर्च जवळपास लागतच नाही.

गाडी एसी की डीसी?

जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो. त्याला मिस्त्री एसी लाइट म्हणतात. रेस दिली की फोकस वाढतो अन् गाडी हळू झाली की मिणमिणतो. डीसी गाडीत करंट बॅटरीमार्फत येतो, म्हणून उजेड बऱ्यापैकी एकसारखा राहतो.

ओळखायचं कसं? इंजिन बंद ठेवून चावी फिरवा अन् हेडलाइटचं बटण लावा. फोकस लागला तर गाडी डीसी. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवसाही आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला. त्या गाड्यांत बटणच नसतं आणि लाइट इंजिन सुरू झाल्यावर लागतो. तिथे होल्डरवर मल्टिमीटर लावूनच खात्री करावी लागते. एसी गाडीवर डीसीसाठी बनवलेला एलईडी बल्ब टाकला तर तो लुकलुकतो किंवा लवकर जातो.

कोणता बल्ब बसतो?

आपल्याकडच्या १०० ते १६० सीसीच्या बहुतेक हॅलोजन गाड्यांत ३५/३५ वॉटचा बल्ब असतो. त्यातला सगळ्यात जास्त चालणारा प्रकार एचएस १. त्याला तीन पाकळ्यांची चकती आणि मागे तीन पट्ट्या असतात. अप्परला तो सुमारे ८२५ ल्युमेन आणि डिपरला ५२५ ल्युमेन देतो. जड गाड्यांत, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या हॅलोजन मॉडेलांसारख्या, एच ४ प्रकारचा ६०/५५ वॉटचा बल्ब येतो. त्याचे आकडे सुमारे १६५० आणि १०००, म्हणजे जवळपास दुप्पट. काही जुन्या गाड्यांत गोल पितळी टोपीचा, बाजूला दोन खिळे असलेला बल्ब असतो. त्याच टोपीत, त्याच वॉटचा हॅलोजन मिळाला तर तो सगळ्यात सोपा बदल.

एच ४ आणि एचएस १ दिसायला सारखेच असतात, फक्त पाकळ्यांची ठेवण थोडी वेगळी असते. काही जण पाकळ्या घासून एच ४ लहान गाडीत बसवतात. पण ३५ वॉटला साधारण ३ अँपिअर करंट लागतो, ६० वॉटला ५ आणि १०० वॉटला ८ पेक्षा जास्त. लहान गाडीचं चार्जिंग अन् बारीक वायर याला पुरत नाहीत. बॅटरी उतरते, होल्डर वितळतो, स्विच जळतो. बाजारात मिळणारा १००/९० वॉटचा बल्ब तर प्लॅस्टिकची काच अन् रिफ्लेक्टरही खराब करतो.

मग ३५ वॉटच्या गाडीत काय टाकायचं? त्याच वॉटचा, चांगल्या कंपनीचा नवीन बल्ब. जुना हॅलोजन लगेच उडत नाही, पण आतून काळवंडत जातो अन् उजेड हळूहळू कमी होतो. डब्यावर "३० टक्के जास्त", "६० टक्के जास्त" असं लिहिलेले बल्ब त्याच वॉटचे असतात. त्यांची तार जास्त बारकाईने बसवलेली असते, म्हणून रस्त्याच्या ठरावीक भागावर उजेड जास्त पडतो. मात्र असे बल्ब साध्या बल्बपेक्षा लवकर जातात. निळसर काचेचे "पांढरा उजेड" देणारे बल्ब टाळा. ती निळी काच उजेड गाळून कमी करते. पावसात अन् हिवाळ्यातल्या धुक्यात तर आणखी कमी दिसतं.

जड गाडीला रिले

एच ४ असलेल्या डीसी गाडीत व्होल्टेज कमी पोहोचत असेल तर रिले लावणं हा पक्का इलाज आहे. यात बॅटरीवरून १० अँपिअरचा फ्यूज टाकून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला येते आणि ८७ वरून बल्बला जाते. जुन्या स्विचची वायर ८५ आणि ८६ वर फक्त रिले चालवायचं काम करते. अप्परला एक आणि डिपरला एक, असे दोन रिले लागतात. फ्यूज बॅटरीच्या जवळच असावा. रिलेमुळे वाटेतली गळती थांबते, गाडीचं चार्जिंग वाढत नाही, एवढं लक्षात ठेवा.

एलईडी टाकायचा का?

कंपनीतून एलईडी हेडलाइट आलेली गाडी वेगळी. तिचा रिफ्लेक्टर किंवा भिंग एलईडीसाठीच बनवलेलं असतं. इथे प्रश्न आहे हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब टाकण्याचा.

हॅलोजनच्या आत डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड एका रेषेच्या वर जात नाही. रिफ्लेक्टरचा आकारही तार नेमकी कुठे आहे ते धरून ठरवलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी उजेड विखुरतो. मग गाडीपुढचे पाच-दहा मीटर लख्ख दिसतात अन् आपल्याला वाटतं की फोकस जबरदस्त झाला. पण लांबचा रस्ता आधीपेक्षा अंधारा होतो आणि वर उडालेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो.

आपले रस्ते अरुंद. समोरचा दुचाकीवाला एकदा दिपला की त्याच्या डोळ्याला सावरायला काही सेकंद लागतात. ताशी ५० किमी वेगाला गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. तेवढा वेळ तो आंधळेपणाने आपल्याच दिशेने येत असतो. त्याला दिपवून आपणही सुरक्षित राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ नुसार फोकस खाली वळलेला असावा. ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस त्याने दिपता कामा नये. नियम १११ प्रमाणे समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे. अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने. गाडीत नियमाबाहेर बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए (४) खाली दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच प्रकारचा, त्याच वॉटचा बल्ब बदलणं ही साधी दुरुस्ती आहे.

बल्ब बदलताना

फोकस बंद करून बल्ब थंड होऊ द्या. होल्डर ओढा, रबर काढा, क्लिप सोडवा. नवीन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते अन् काच तडकते. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. तिन्ही पाकळ्या खाचेत नीट बसल्या की नाही ते पाहा. रबर परत घट्ट बसवा, नाहीतर पावसाचं पाणी आत जातं.

शेवटी फोकस सेट करा

बल्ब बदला किंवा बदलू नका, हे काम प्रत्येक गाडीला करा. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा. चाकात हवा बरोबर असू द्या, गाडीवर नेहमीएवढं वजन बसवा. हेडलाइटच्या मधोमध जमिनीपासून किती उंची आहे ते मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली यायला पाहिजे. हेडलाइटखालचा स्क्रू फिरवून किंवा बाजूचे बोल्ट ढिले करून ती जुळवता येते. हेडलाइट ९० सेंटिमीटर उंचीवर असेल तर असा उजेड ६० ते ९० मीटरपर्यंत रस्त्यावर पोहोचतो. मागे पोतं किंवा दोन माणसं बसली की पुढचा भाग उचलतो अन् फोकस झाडावर जातो. तेव्हा तो परत खाली करावा लागतो.

थोडक्यात, आधी काच, मग पॉइंट अन् अर्थिंग, मग फोकसचा कोन आणि त्यानंतर त्याच वॉटचा चांगला बल्ब. एवढं करूनही ३५ वॉटच्या डिपरवर दिसणारं अंतर फार वाढत नाही. म्हणून रिकाम्या रस्त्यावर अप्पर वापरा, समोरून गाडी आली की डिपर मारून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि डिपरवर असताना वेग ४० च्या वर जाऊ देऊ नका. गाडीचा मागचा लाल दिवा लागतो की नाही, तेही निघण्याआधी एकदा वळून बघा. ट्रॉली किंवा बंडी तुमची असेल तर मागे लाल रेडियमची पट्टी लावा, म्हणजे मागून येणाऱ्याला ती त्याच्या फोकसमध्ये वेळेत दिसेल.