धागा तुटताच थांबणारा माग

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध केला. ताण्याचा एक धागा तुटला तरी हा माग आपोआप थांबे. धोट्यातले सूत संपत आले, की मात्र चालत्या वेगातच नवा धोटा येई. सदोष कापड पुढे विणले जात नसे आणि एका कामगाराला अनेक माग सांभाळता येत. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले.

साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी उभारलेली टोयोटा मोटार कंपनी १९३७ मध्ये स्थापन झाली. सूतगिरणीतून तिथे आलेल्या ताइइची ओनो यांनी हेच तत्त्व मोटारींच्या जुळणीला लावले. दोष दिसताच कामगाराने दोरी ओढायची, दिवा लागायचा, दोष निघाला नाही तर रांग थांबायची. काम थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराच्या हाती आला, हा यातला खरा मोठा बदल.