मराठी विकिपीडियासाठी थोडा वेळ द्या!

मंडळी, आपल्या मुलांना काही माहिती हवी असली की ती महाजालावर शोधतात, आणि मिळते ती बहुतेक वेळा इंग्रजीत. रविवारच्या मराठी शाळेत आपण त्यांना अक्षरे शिकवतो. पण अक्षरे आल्यावर पुढे वाचायचे काय? मराठी विकिपीडिया हे त्याचे एक उत्तर आहे. सध्या ते अपुरे आहे, आणि ते पुरे करायला बाहेरून कोणी येणार नाही.

विकी म्हणजे असे संकेतस्थळ, की ज्याची पाने वाचणाऱ्यालाच तिथल्या तिथे बदलता येतात. शब्द हवाई बेटांवरच्या भाषेतला, अर्थ 'झटपट'. पहिला विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केला. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये आला, तर मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. आज तेथे लाखाच्या आसपास लेख आहेत. आकडा भरघोस वाटतो, पण उघडून पाहिले तर पुष्कळ लेख दोन-चार ओळींतच संपतात.

ज्ञानकोशाची हौस आपल्याला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले, मायदेशी परतले आणि त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यांना त्यासाठी भांडवल, छापखाना, वर्गणीदार असा सगळा संसार मांडावा लागला. आपल्याला संगणक आणि शनिवारची एक दुपार पुरते.

"आपल्या हातून काही बिघडले तर?" हा प्रश्न हमखास येतो. काही बिघडत नाही. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'इतिहास' असतो. त्यात आजवरचा प्रत्येक बदल, कोणी आणि केव्हा केला यासह, जपून ठेवलेला असतो. जुनी आवृत्ती क्षणात परत आणता येते. आम्ही संगणकवाले कामावर रोज हेच करतो आणि रात्री निर्धास्त झोपतो! सरावासाठी 'धूळपाटी' नावाचे पान आहे, तेथे हवे ते गिरवा. शंका असली तर 'चावडी'वर विचारा. देवनागरी टंकलेखनाची सोयही तेथेच आहे, रोमन अक्षरे दाबली की मराठी उमटते. सुरुवातीला नवा लेख लिहायच्या भानगडीत पडू नका. एखादे चुकलेले साल, एखादी शुद्धलेखनाची चूक, तुम्ही काढलेले एखादे छायाचित्र एवढेही चालते.

नियम मात्र आहेत. वृत्तपत्रातला किंवा पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उतरवायचा नाही. लिहिलेल्या गोष्टीला छापील किंवा विश्वासार्ह संदर्भ हवा. 'आजोबांनी सांगितले' हा संदर्भ धरला जात नाही. 'थोर', 'सुप्रसिद्ध', 'लाडके' ही विशेषणेही गाळावी लागतात. सत्कार समारंभांत वाढलेल्या आपल्याला हे जरा जडच जाते! आणि आपल्याच मंडळावर आपणच स्तुतिलेख लिहिला, तर तो टिकणार नाही.

आता परदेशस्थांनी काय लिहावे? मुंबई-पुण्याच्या मंडळींना जे जमणार नाही ते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मधले, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मधले. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींनी तेथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढले. मॉरिशसमध्ये पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबे आहेत. या सगळ्याचा छापील पुरावा स्मरणिकांत आणि जुन्या अंकांत आहे, आणि ते अंक कोणाच्या तरी तळघरातल्या खोक्यांत पडून आहेत. पहिल्या पिढीतली माणसे थकली. घर विकताना मुलांना ती खोकी रद्दीच वाटणार, कारण आतला मजकूर त्यांना वाचता येत नाही.

तेव्हा आधी खोकी उघडा. अंकांचे नाव, साल आणि पृष्ठ क्रमांक टिपून ठेवा; संदर्भ म्हणून तेच लागतात. ज्येष्ठांच्या आठवणी अजून छापून आल्या नसतील, तर त्या मंडळाच्या पुढच्या स्मरणिकेसाठी लिहून घ्या. शिवाय तुमच्या गावातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके आहेत का, हे विचारून पाहा. लंडनकरांना तर ब्रिटिश लायब्ररीतला जुन्या मराठी ग्रंथांचा मोठा संग्रह हाताशी आहे. एकट्याने कंटाळा येत असेल तर चार घरांनी मिळून बसा: एकाने वाचावे, एकाने टंकावे, मुलांनी छायाचित्रे चढवावीत. चहाची व्यवस्था ज्याच्या घरी बैठक त्याच्याकडे.