उघडी कपाटे : मद्रास विद्यापीठ ग्रंथालयातील एक प्रयोग

भारतीय विद्यापीठांच्या इतिहासात परीक्षांचा, पदव्यांचा आणि सिनेटमधील वादांचा वृत्तान्त विपुल आढळतो. ग्रंथालयाचा उल्लेख मात्र बहुधा इमारतीच्या वर्णनापुरताच येतो. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तिन्ही विद्यापीठे प्रारंभी केवळ परीक्षा घेणारी होती, हे याचे एक कारण होय. अध्यापन महाविद्यालयांत चाले. विद्यापीठाला वाचक हवेत कशाला? मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या १८६४ च्या देणगीतून ग्रंथालयाची देखणी वास्तू उभी राहिली खरी. परंतु वास्तू आणि सेवा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याची सेवा हे विद्यापीठ-ग्रंथालयाचे प्रयोजन मानून त्याची पद्धतशीर मांडणी झाली ती मद्रासला, १९२४ नंतर.

त्या वर्षीच्या जानेवारीत शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे अध्यापक मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राशी त्यांचा परिचय नव्हता. रिकाम्या दालनात दिवस कंठणे असह्य होऊन ते थोड्याच दिवसांत आपल्या जुन्या महाविद्यालयात परत घेण्याची विनंती करू लागले. आधी इंग्लंडला जाऊन शिक्षण घ्यावे, नंतरही मन रमले नाही तर परत यावे, असा सल्ला त्यांना मिळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी अध्ययन केले. क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात सेयर्स यांचे मार्गदर्शन लाभले. अनेक ग्रंथालये पाहिली. तेथे सामान्य नागरिकही कपाटांमधून स्वतः हिंडून पुस्तक निवडीत होता. १९२५ मध्ये परतलेल्या रंगनाथन यांनी पुन्हा गणिताकडे जाण्याचे नाव काढले नाही.

बंद कपाटांच्या पद्धतीत वाचक चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव लिहून देतो व शिपाई तो ग्रंथ आणून देतो. प्राध्यापकाची यात फारशी अडचण होत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याच्या घरी छापील पुस्तक प्रथमच आले, त्याला ग्रंथाचे नावच ठाऊक नसते. तो चिठ्ठीवर काय लिहिणार? कुलुपाने पुस्तके चोरीपासून वाचत असतील, पण नेमका हाच विद्यार्थी बाहेर राही. रंगनाथन यांनी मद्रासला कपाटे उघडी केली, ग्रंथालयाचे तास वाढविले आणि वाचकाला विषयाची वाट दाखविणारे संदर्भसेवक नेमले.

कपाटे उघडली की एक नवी अडचण उभी राहते. शिपायाला क्रमांक कळला की पुरे. स्वतः हिंडणाऱ्या वाचकाला मात्र एका विषयाशेजारी त्याचा सख्खा विषय सापडला पाहिजे. रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाकडे (१९३३) गणिती बुद्धीचा विलास म्हणून पाहण्याची रीत आहे. त्याची कल्पना लंडनमध्ये सुचली हे खरे. पण ती कसाला लागली मद्रासच्या प्रत्यक्ष ग्रंथांवर. तिला केवळ बुद्धिविलास म्हणणे अन्यायाचे होईल.

१९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि विद्यापीठाबाहेरील लोक या कार्यात आले. ग्रंथ वापरासाठी असतात येथून आरंभ होणारी रंगनाथन यांची पंचसूत्री १९३१ मध्ये याच संघाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मन्नारगुडीच्या परिसरात कनकसभै पिळ्ळै यांच्या पुढाकाराने बैलगाडीतून खेडोपाडी पुस्तके फिरू लागली. मद्रासचा ग्रंथालय कायदा १९४८ चा. येथे नमूद करावयास हवे की कोल्हापूर संस्थानाने असा कायदा तत्पूर्वीच, १९४५ मध्ये केला होता. समुद्रकिनाऱ्यावरील नव्या वास्तूत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथालय १९३६ मध्ये गेले. म्हणजे तेथे इमारत सेवेच्या मागून आली.

सुमारे वीस वर्षांच्या या सेवेत रंगनाथन यांनी रजा जवळजवळ घेतलीच नाही. पुढे आपल्या बचतीतून एक लाख रुपये त्यांनी याच विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. त्या अध्यासनाला पत्नी शारदा यांचे नाव आहे. १९५७ मध्ये विद्यापीठ अनुदान मंडळाने ग्रंथालय समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. आणि मद्रासला एका ग्रंथपालाने स्वतःच्या जबाबदारीवर उघडलेल्या कपाटांचा प्रश्न देशातील सर्व विद्यापीठांपुढे आला.